ग्वांगझोऊला न्यायच्या भाकरी

६ मार्च २०१६, रविवार

मेसमध्ये आज ताटं कमी आणि माश्या जास्त. क्लासवाल्यांनी हॉस्टेलला सांगून टाकलंय, पोरांना गावी पाठवा, पाणी देता येईना. लातुरात पोरं नाहीत तर माझी मेस कुणासाठी? टाकी भरायची, कणीक मळायची आणि दाराकडं बघत बसायचं. दुपारी कुकर घासताना मनात आलं, आता हे भांडं विकावं का ठेवावं.

तेवढ्यात गुरुपादप्पा आले. हे यात्रा कंपनीवाले. आमचे हे, म्हणजे साहेबराव, त्यांची बस चालवायचे. श्रीशैलम, काशी, तिरुपती. यात्रा बंद पडल्या तसे हे पाण्याच्या टँकरवर गेले.

गुरुपादप्पा म्हणाले, "ताई, चीनला चलता का?"

मी हातातली राख झटकली. त्यांनी रंगीत कागद पुढं केला. ग्वांगझोऊ. खाद्य, संस्कृती आणि खरेदी. दक्षिण चीनमधलं शहर, तिथल्या खाण्याचं जगभर नाव आहे म्हणे. लातूरचे व्यापारी तयार आहेत, पण सगळ्यांचा एकच प्रश्न, तिथं आम्ही खायचं काय? सगळे माळकरी नाहीतर लिंगायत. म्हणून स्वैपाकाला माणूस पाहिजे. "तुम्ही सोबत हाव म्हणलं की लोक डोळे झाकून नाव देतेत," म्हणाले.

मी हैद्राबादच्या पुढं कधी गेले नाही. लगेच हो म्हणाले. विचार करायला वेळ मागायला पाहिजे होता, तसं शोभलं असतं.

८ मार्च

ह्यांना सांगितलं. भाकरी मोडत म्हणाले, "तिकिटावर नाव बघितलंस का?"

अजून तिकीट कुठलं? दोन महिने आहेत. हे असंच. चांगलं काही ऐकलं की आधी फट शोधायची.

पासपोर्ट माझ्याकडं आहे. दोन वर्षांखाली गुरुपादप्पा नेपाळची सहल काढणार होते, तेव्हा त्यांनीच आम्हा दोघांना काढायला लावला होता. नेपाळला पासपोर्ट लागतच नाही हे मागाहून कळलं. सहलही निघाली नाही.

१४ मार्च

सिद्रामप्पा शेठच्या डाळमिलमध्ये बैठक झाली. मिल बंदच, तुरीचं पीकच नाही तर भरडणार काय? सगळे पोत्यांवर बसले. शेठला तिथली डाळ निवडायची यंत्रं बघायचीत. बाकीच्यांना मोबाइलचं सामान, झुंबरं, पोरीच्या लग्नाची खरेदी. खाद्य आणि संस्कृती हे दोन शब्द कुणी तोंडातून काढले नाहीत.

शेठच्या बायकोचं नाव पार्वतम्मा. साठीच्या असतील, उदगीरकडच्या, बोलता बोलता कानडीत जातात. त्यांनी मला चांगलंच सोललं. भाकरी कशी करणार? पीठ नेणार का तयार नेणार? मी शिळं खात नाही. पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही आणि पूजा झाल्यावर गरमच लागतं. गुरुपादप्पा माना डोलवत होते, "अम्मा, ताई हायेत की."

घरी येईपर्यंत डोकं दुखत होतं. अशा बाईबरोबर दहा दिवस काढायचे.

१९ मार्च

गंजगोलाईत जिलानीभाईंचं मोबाइलच्या सामानाचं दुकान आहे. वर्षातून दोनदा ते ग्वांगझोऊला माल आणायला जातात. त्यांच्याकडं गेले. म्हटलं, तिथं शाकाहारी माणसाला काय मिळतं ते खरं खरं सांगा.

ते हसले. "ताई, लोक जातेत आणि रूमवर मॅगी खाऊन येतेत. तिथं सकाळी म्हातारेकोतारे पेपर घेऊन बसतेत, चहाची किटली समोर. छोट्या छोट्या टोपल्या येतेत वाफेच्या. दोन दोन घास. गप्पा मारत दुपार करतेत. तांदळाची पेज इतकी शिजवतेत की दाणा दिसत नाही. आपल्या उन्हाळ्यात बायका तांदळाचे पापड करतेत ना, वाळवायच्या आधीचा ओला पापड? तसाच गुंडाळून देतेत, वरून सोयाचं काळं पाणी."

मला त्या ओल्या पापडाचीच चव आठवली. लहानपणी आम्ही पोरी ताटलीवरनं तो सोडवून खायचो आणि आईचा मार खायचो.

देवळाजवळ बिनमांसाचं जेवण मिळतं. त्यासाठी म्हणायचं, 'न्गो सिक चाय.' मी म्हटलं, चहा मागितल्यासारखं वाटतं. ते म्हणाले, "लोकही तसंच समजतेत आपल्याला ऐकून. हात हलवून सांगायचं." भेटल्यावर तिथले लोक विचारतात, जेवलात का. म्हटलं, आमच्या पार्वतम्माही परवा बैठकीत कानडीत तेच विचारत होत्या, 'ऊट आयता?'

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तिकिटावर नाव?"

मी ताट उचलून नेलं.

२४ मार्च

धुळवड कोरडीच. गुरुपादप्पांनी व्हिसासाठी सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले. मी माझा घेऊन गेले तर म्हणाले, "तुमचा राहू द्या तुमच्यापाशीच. लागला की मागतो." शेठचासुद्धा घेतला, आणि माझ्यावर एवढा विश्वास. बरं वाटलं.

बसस्टँडसमोर मोठा बॅनर लागलाय. त्यावर माझा फोटो, हातात परात. 'महानंदाताईंच्या हातची चव, आता थेट चीनमध्ये.' फोटोत माझं नाक फार मोठं आलंय.

२ एप्रिल

पार्वतम्मा रोज यायला लागल्यात. उन्हाची, रिक्षा करून. मेसच्या ओट्यावर बसतात, दार लोटून घेतात आणि काही ना काही नवीन अट काढतात. आज म्हणाल्या, मला ताजंच ताक लागतं, विरजण रोज लावावं लागेल. काल म्हणाल्या, पातळ भाजी हवी, कोरडं गळ्याखाली उतरत नाही. परवा, भाकरी तव्यावरून ताटातच.

मी वैतागून म्हटलं, "अम्मा, तुम्ही चीनला कशाला चाललात मग?"

त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "हे यंत्रं बघत फिरणार. मी रूमवर बसणार. कुणीतरी बोलायला पाहिजे का नको?"

बोलायला गुरुपादप्पा आहेत, बाकीच्या बायका आहेत. मी काय गप्पा मारायला चाललेय का? मला तिथल्या त्या टोपल्या बघायच्यात. पण अम्मांचं ताक, अम्मांची पातळ भाजी, ह्यातून मला बाहेर पडायला मिळेल असं दिसत नाही. सगळा वेळ हॉटेलातल्या शेगडीपाशी जाणार. लातुरात काय आणि तिथं काय.

८ एप्रिल, पाडवा

श्रीखंड केलं नाही. दूध मिळालं नाही.

११ एप्रिल

उपाय सापडला. चार दिवस खपून काढला.

बेसन भाजलं, फोडणी त्यातच जिरवली, सुकी हिरवी मिरची नि लसूण कुटून घातला. गरम पाणी ओतलं की पिठलं तयार. चांगलं, दाटसर, गुठळी नाही. कारळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. आणि कडक भाकरी, कागदासारखी पातळ, तीळ लावून निखाऱ्यावर खरपूस केलेली, महिनाभर मऊ पडत नाही. ताकाला ह्यांच्या आत्याची रीत, वाळवलेल्या ताकाची भुकटी. म्हणजे तिथं मला फक्त पाणी तापवायचं काम. सकाळ मोकळी, दुपार मोकळी.

गुरुपादप्पांना बोलावून खायला घातलं. त्यांनी दोनदा घेतलं. पिठल्याची वाटी उजेडात धरून बघितली. "ताई, हे कुणालाही जमंल का? म्हणजे फक्त गरम पाणी?"

म्हटलं, लहान पोराला जमेल.

"लईच सोपं करून टाकलंत तुम्ही," म्हणाले. एवढे खूश मी त्यांना कधी बघितले नव्हते.

पार्वतम्मा ओट्यावरच होत्या. त्यांना वाटी दिली. चाखली आणि खाली ठेवली. "चांगलं नाही?" मी विचारलं. "चांगलंय," म्हणाल्या. "हे त्याला कशाला दाखवलंस?"

या बाईला काहीच पटत नाही. गरम मागितलं, गरम दिलं.

१२ एप्रिल

मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. सगळं गाव स्टेशनवर. टीव्हीवाले. ह्यांना टँकर घेऊन दिवसभर तिकडंच जावं लागलं. गुरुपादप्पा उदगीरला गेलेत, उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मोर्चा आहे. जिल्हा झाला की कलेक्टर ऑफिससमोर दुसरी शाखा काढणार, जागाही बघून ठेवलीय म्हणे. त्यांचा फोन लागेना. मला व्हिसाचं विचारायचं होतं.

१८ एप्रिल

भाकरी करून करून बोटांच्या टोकांना फोड आलेत. गुरुपादप्पांनी सांगितलं, सगळ्यांना पुरतील एवढ्या करा, दोन वेळच्या. माझ्या पासपोर्टचं विचारलं तर म्हणाले, "मुंबईला आपला माणूस हाय. तुमचं वेगळ्या खिडकीतून व्हायलंय, स्वैपाक्याचं वेगळं असतं."

असेल. मला काय कळतं त्यातलं.

ह्यांनी भाकरीचे पत्र्याचे डबे उचलून फळीवर ठेवले. आज तिकिटाचं विचारलं नाही. त्याचाच जास्त राग आला.

२३ एप्रिल

आज लिहायला हात होईना, तरी लिहिते.

पार्वतम्मा आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "तिकिटं आली. मी सगळी नावं वाचली. तुझं नाही."

म्हटलं, माझं वेगळ्या खिडकीतून आहे.

"महानंदा, खिडकी बिडकी काही नाही. तुझी जागा गुरुपादप्पानं झुंबरवाल्याच्या मेव्हण्याला दिली. डबे आम्ही नेणार, गरम पाणी हॉटेलात मिळतं." त्यांनी पदरानं मान पुसली. "मला पहिल्या दिवशीच वास आला होता. म्हणून तर अडून बसले. ताजं पाहिजे, गरम पाहिजे, ताक पाहिजे, पातळ पाहिजे. जे डब्यात भरता येत नाही ते सगळं मागितलं. तुला नेल्याशिवाय त्याला सुटका नव्हती. मी त्याला अडवून धरलेलं. तू सोडवून दिलंस."

"मला सांगायचं नाही का अम्मा?"

"काय सांगणार? नुसता वास. आणि तू किती खुशीत होतीस."

त्या गेल्यावर मी पिठल्याचं पीठ भरलेल्या पिशव्या बघत बसले. माझ्याच हातानं शिवलेल्या, माझ्याच हातानं नावं घातलेल्या.

२४ एप्रिल

गुरुपादप्पांच्या ऑफिसात गेले. मला बघून त्यांनी फोन कानाला लावला. मी बसून राहिले. शेवटी ठेवला.

"ताई, रागावू नका. स्वैपाक्याचा व्हिसा सोपा नसतो. हॉटेलवाले खोलीत चूल पेटवू देत न्हाईत. आणि तुम्हीच तर काम सोपं केलंत."

"आधीच ठरलं होतं का?"

"ठरलं असं न्हाई."

"माझा पासपोर्ट घेतला नाही तेव्हा?"

ते टेबलावरचा रंगीत कागद सरळ करत राहिले. "पुढच्या खेपेला पक्कं. उदगीर जिल्हा झाला की—"

"बॅनर काढा," मी म्हणाले. "आणि भाकरी मिळणार नाहीत."

"आहो, लोकांनी त्याच्यावर नावं दिलीत."

"मीही दिलं होतं."

बाहेर आले. रिक्षावाला विचारत होता कुठं जायचं, मी चालतच निघाले.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं आता ऐकवतील. ह्यांनी फक्त विचारलं, "चहा ठेवू का?" आणि ठेवला. साखर जास्त झाली होती.

२५ एप्रिल

गुरुपादप्पांचा माणूस डबे न्यायला आला. रिकामा परत पाठवला. संध्याकाळी ह्यांनी डबे टँकरवर चढवले आणि स्टेशनजवळ रांगेत उभ्या असलेल्या ड्रायव्हर लोकांत वाटले. म्हणाले, त्यांना सांगितलं, परदेशी चाललेला माल आहे, नीट खा. लोकांनी चटणीचं नाव विचारलं.

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

२७ एप्रिल

पार्वतम्मा परत. म्हणाल्या, "मी जाणार नव्हते. हे म्हणाले, पैसे भरलेत, चल. आता मला तिथलं खायला शिकव."

"मला काय येतं त्यातलं?"

"तुला लई माहितीय. महिनाभर तेच बोलायलीस."

मी नाही म्हणाले. चांगलं फटकारलं. माझ्या वाटचं तुम्ही खाणार आणि वरून मीच शिकवायचं? त्या उठल्या नाहीत. ओट्यावर बसून तांदूळ निवडायला घेतले. कुणी सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळानं मी सोयाबीन भिजत घातलं.

२८ एप्रिल

सोयाबीन आपल्या आडतीत पोत्यांनी पडतं, सगळं तेलाला आणि पेंडीला जातं. खायचं म्हटलं की लातूरचा माणूस तोंड वाकडं करतो. जिलानीभाईंनी सांगितलं होतं, तिथं त्याचं दूध काढून नासवून वडी पाडतात, तौफू. सकाळी वाटलं, फडक्यातून पिळलं, उकळलं, लिंबू टाकलं. पाणी इतकं लागलं की जीव खालवर झाला. गाळलेलं पाणी फेकलं नाही, भांड्याला वापरलं. फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवला. पहिली वडी फुटली. दुसरी धरली.

पेज दोन तास शिजवली. तांदळाचं भिजवलेलं पातळ पीठ ताटलीवर ओतून वाफेवर धरलं, ओला पापड सोडवून गुंडाळला. आल्याचे काप घालून पालक नुसता वाफवला. तौफूवर तीळ, मीठ, कोथिंबीर. सोयाचं काळं पाणी जिलानीभाईंच्या घरून आणलं, त्यांच्या बायकोनं, बानोनं, बाटलीच दिली.

अम्मांनी पूजा केली, मग पेज चमच्यानं घेतली. "आजारी माणसाची पेज," म्हणाल्या. मग आलं लागलं, मीठ लागलं, आणि पुन्हा घेतली. ओला पापड बघून म्हणाल्या, "हे तर आम्ही चोरून खायचो." तौफूला मात्र तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, थांबा, गिळू नका, आधी जिभेवर धरा. त्यांनी धरलं.

'न्गो सिक चाय' वीसदा म्हणवून घेतलं. त्या प्रत्येक वेळी शेवटी चहा मागितल्यासारखा हात करत होत्या.

भांडी घासताना मला फार वाईट वाटलं. चांगलं जमलं होतं म्हणून जास्त.

१ मे

त्यांची गाडी गेली. मी गेले नाही.

५ मे

दुपारी फोन आला. अम्मांचा. आवाज पाण्याखालून आल्यासारखा.

"जेवले. त्या चहाच्या जागी. एकटीच गेले. हे यंत्रं बघायला गेलेत, बाकीच्या बायका रूमवर मॅगी करायल्यात."

मी ओट्याला टेकले. "काय काय खाल्लं? टोपल्या आल्या का? तौफू कसं होतं? माझ्यासारखंच का त्याहून मऊ? वास?"

"पांढरं होतं. मऊ. बरं लागलं."

"अजून?"

"बरंच होतं काय काय. बरं लागलं सगळं."

फोन कटला. ही बाई तिथं बसून खाऊन आली आणि मला सांगायला तिच्याजवळ तीन शब्द. मी तिथं असते तर वाफेचा रंगसुद्धा सांगितला असता. रडू आलं. ह्यांनी बघितलं आणि बाहेर जाऊन टँकर धुवायला लागले, कोरड्या फडक्यानं.

१३ मे

अम्मा आल्या. वेताची एक गोल टोपली आणली, झाकणाची. माझ्यासाठी. म्हणाल्या, तिथं एका म्हातारीनं त्यांना शेजारी बसवलं, स्वतःच्या किटलीतला चहा ओतला, ताटातलं काय शाकाहारी ते बोटानं दाखवलं. दोघींना एकमेकींचं काही कळलं नाही, तरी दुपार गेली.

"तुला सांगता आलं नाही मला फोनवर," म्हणाल्या. "मी खाताना कधी लक्षच दिलं नाही आजवर. वाढण्यातच जन्म गेला. तू असतीस तर दोघी मिळून खाल्लं असतं."

मी टोपली घेतली. धन्यवाद म्हणाले नाही. राग होताच, आणि तो त्यांच्यावर नव्हता, पण समोर त्याच होत्या. त्या चहा पिऊन गेल्या.

१७ जुलै, रविवार

क्लास सुरू झाले. मेसमध्ये पुन्हा रांग. कुकर विकला नाही ते बरं झालं. गुरुपादप्पा अष्टविनायकच्या सहलीचं विचारून गेले, स्वैपाकाला याल का. नाही म्हणाले, आणि भाजी ढवळत राहिले.

संध्याकाळी जिलानीभाई आणि बानो आले. काळ्या पाण्याची बाटली परत न्यायला आले असतील वाटलं. जिलानीभाई म्हणाले, "ऑक्टोबरमधे माल आणायला चाललो ताई. या वेळी बानो येतीय. मी दिवसभर मार्केटला, ही एकटी काय करणार? तुम्ही येता का? तिकीट तुमचं तुम्ही काढायचं, राहायचं बानोजवळ."

पार्वतम्मांनाही विचारलंय म्हणे. त्यांनी सांगितलं, महानंदा आली तर येते.

हे दारात उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "तिकीट मी काढून आणतो. नाव वाचूनच आणतो."

माझ्या हातात उलथनं होतं. कणीक मळायची राहिली होती. मी विचारलं, "तिथं स्वैपाक कुणी करायचा?"

बानो हसली. "तिथलेच लोक करतेत की."

मी म्हटलं, मग येते.